चार फूट, तेरा सेकंद

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की आमच्या घरात एक विधी असतो. मी लॅपटॉप उघडतो आणि एका बोयाचं पान बघतो. बोया क्रमांक ४४०२५. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपासून दक्षिणेला, पन्नासेक किलोमीटर आत समुद्रात साखळीला बांधून ठेवलेला एक पिवळा तरंगता डबा. अमेरिकन सरकारच्या नोआ ह्या खात्याचा. ऊन असो, बर्फ असो, तो बिचारा तिथे एकटाच वरखाली होत असतो आणि लाटांची उंची, दोन लाटांमधला वेळ, दिशा, वारा, पाण्याचं तापमान असं सगळं पाठवत असतो. तेही फुकट. मी त्यावर एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे, आकडे एका मर्यादेपलीकडे गेले की मला मेल येते. ऑफिसातल्या सर्व्हरचे अलर्ट मी रात्री म्यूट करतो, हा करत नाही. (मॅनेजरला मराठी येत नाही म्हणून बिनधास्त लिहितोय.)

"काय म्हणते माझी सवत?" बायको विचारते.

"सहा सेकंद. काही दम नाही."

"मग उद्या गॅरेज आवरू या."

तर मंडळी, हा असा समुद्राशी संसार. तुम्ही म्हणाल, एडिसनमध्ये राहणारा, वरणभात खाणारा, पन्नाशीला टेकलेला प्रोग्रॅमर आणि सर्फिंग? मलाही अजून विश्वास बसत नाही. बरं, मी काही भारी सर्फर वगैरे नाही. अठरा वर्षं झाली, अजून लाटेवर उभा राहतो तेव्हा मागून बघणाऱ्याला बहुतेक बसमध्ये दांडा पकडायला गेलेला माणूस आठवत असेल. पण त्या अठरा वर्षांत एक गोष्ट मात्र थोडीफार शिकलो, ती म्हणजे एकच किनारा वर्षभरात किती वेगवेगळा असतो ते. आमचा किनारा म्हणजे बेलमार. न्यू जर्सीत, एडिसनहून खाली तासाभराच्या आत. उत्तरेला शार्क रिव्हरचं मुख (नाव शार्क असलं तरी घाबरू नका, मी तिथे शार्क एकदाही पाहिलेला नाही), मधेमधे समुद्रात घुसलेले दगडांचे बांध, कडेनं लाकडी बोर्डवॉक. सर्फरांची जागा सोळाव्या अॅव्हेन्यूसमोर.

आता आधी एक कबुली. मी कोकणातला. रत्नागिरी जिल्ह्यात आमचं गाव, घरापासून पुळण दहा मिनिटांवर. आणि तरीही वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत मी गुडघ्याच्या वर समुद्रात गेलो नव्हतो. १९८८ च्या जुलैमध्ये माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, त्या पुळणीवरून गेला. सतरा वर्षांचा होता. विहिरीत सूर मारणारा, पट्टीचा पोहणारा. त्यानंतर आईनं आम्हा भावंडांना समुद्र बंद केला. बंद म्हणजे बंद. विषयच नाही.

२००७ साली इकडे एका रिलीजचा बट्ट्याबोळ झाला, तीन आठवडे मी घरी फक्त झोपायला यायचो. शेवटी टीममधल्या एका सहकाऱ्यानं मला शनिवारी उचलून बेलमारला नेलं आणि स्पंजचा एक भलामोठा बोर्ड हातात दिला. जुलै महिना. कमरेएवढ्या लाटा. पाचव्या की सहाव्या प्रयत्नात मी पोटावर पडल्यापडल्याच लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत सरपटत आलो आणि वाळूत नाक घुसलं. तिथेच संपलो. आईला मी पुढची कित्येक वर्षं सांगितलंच नाही. फोनवर "शनिवारी काय करतोस?" विचारायची. "जरा फिरायला जातो."

उन्हाळ्यापासून सुरू करू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. मे अखेरीच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत किनाऱ्यावर जत्रा. वाळूवर पाय ठेवायला बिल्ला विकत घ्यावा लागतो. समुद्रावर तिकीट ही कल्पना आमच्या गावात सांगितली तेव्हा दोन जण हसले आणि तिसऱ्यानं "किती?" असं विचारलं. एडिसनहून आपली मंडळी थेपले, चिवडा, छत्र्या घेऊन येतात. आणि समुद्र? समुद्र तळ्यासारखा. उन्हाळ्यात अटलांटिकच्या मध्यावर बर्म्युडाच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचा एक प्रचंड मुक्काम असतो, त्यामुळे वादळं आमच्या वाटेला फिरकत नाहीत. दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो, तोच आपल्या पुरत्या लाटा तयार करतो. पाच-सहा सेकंदांच्या, एकमेकींच्या पायात पाय घालून येणाऱ्या. शिकायला उत्तम. माझी लेक आठव्या वर्षी अशाच लाटांवर पहिल्यांदा उभी राहिली, आणि माझ्यासारखा बसचा दांडा न पकडता राहिली, हे इथे नोंदवून ठेवतो.

उन्हाळ्यातली एक गंमत मात्र सांगायलाच हवी. बाहेर पस्तीस डिग्री, घाम गळतोय, काल पाणी तेवीस होतं म्हणून तुम्ही नुसत्या चड्डीवर पळत जाता... आणि किंकाळी फोडून बाहेर येता. पाणी पंधरा! एका रात्रीत कुणी बर्फ ओतला? तर नैर्ऋत्येचा वारा सलग काही दिवस किनाऱ्याला समांतर वाहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं कोमट पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं. हिवाळ्यातलं ते गार पाणी इथे समुद्राच्या तळाशी उन्हाळाभर साठून असतं, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात विसरलेल्या बाटलीसारखं. म्हणजे वारा जितका गरम आणि जोरदार, तितकं पाणी गार. डोकं चालवून उत्तर काढणाऱ्यांना हा समुद्र असा तोंडावर पाडतो.

माझं तोंडावर पडणं मात्र थंड पाण्यापुरतं राहिलं नाही. सप्टेंबर २०१०.

त्याआधी थोडं गणित, कंटाळा आला तर खालच्या परिच्छेदावर उडी मारा. नवशिका माणूस लाटांची फक्त उंची बघतो. मीही तेच करायचो. पण खरा आकडा दुसरा असतो, दोन लाटांमधले सेकंद. खोल समुद्रात लाटांचा जथा मीटरमध्ये किती वेगानं पुढे सरकतो, तर सेकंदांना साधारण ०.७८ नं गुणा. सहा सेकंदांच्या लाटा ताशी सतरा किलोमीटरनं येतात, तेरा सेकंदांच्या ताशी छत्तीसनं. लांबी तर वर्गाच्या पटीत वाढते. सहा सेकंदांची लाट छप्पन्न मीटर लांब, तेरा सेकंदांची दोनशे साठ मीटरच्या पुढे. आणि लाट आपल्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलवते. म्हणजे पहिली अठ्ठावीस मीटरवर तळाला टेकते, दुसरी एकशे तीस मीटर खोलीवरच तळ चाचपायला लागते, आणि किनाऱ्याशी येईपर्यंत मंदावत, आखडत, उंच होत जाते. वर बोया जी उंची सांगतो ती सगळ्या लाटांची नसते, सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. ही मोजायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात हाराल्ड स्वेरद्रुप आणि वॉल्टर मंक ह्या दोघांच्या कामातून आली. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर त्या दिवशी लाटा किती असतील हे आधी सांगता यायला हवं, म्हणून. नॉर्मंडीच्या वेळी ह्याच पद्धतीचे अंदाज वापरले गेले. आज माझ्यासारखे लोक ते गॅरेज आवरायचं टाळण्यासाठी वापरतात. असो. मुद्दा हा की, सरासरी चार फूट म्हणजे त्यात अधूनमधून एखादी सात-आठ फुटीही असणार.

तर २०१० मध्ये अर्ल नावाचं चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला न शिवता शुक्रवारी, ३ सप्टेंबरला, बाहेरून उत्तरेकडे निघून गेलं. शनिवारी सकाळी आकाश स्वच्छ, वारा पश्चिमेचा. मी बोयाचं पान बघितलं. चार फूट. अरे, चार फूट तर आपण जुलैत खेळलोय! पुढे लिहिलेलं "तेरा सेकंद" मी वाचलं, पण वाचलं म्हणजे कसं, तर लायसन्स अॅग्रीमेंट वाचतात तसं.

किनाऱ्यावर गेलो तेव्हा समुद्र चक्क शांत होता. वादळाच्या लाटांचं हेच तर आहे. त्या टोळीनं येतात. पाच-सहा येणार, मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. मी नेमका त्या मधल्या वेळात पोचलो. दगडांच्या बांधाला लागून पाणी अलगद आत जात होतं, मला वाटलं वा, वल्हवायचे कष्ट वाचले. ती ओढ होती. आमच्या गावात पोरंसुद्धा ओळखतात, पाण्याला ओढ आहे, जाऊ नको. मी मात्र लिफ्टमध्ये शिरावं तसा तीत शिरलो. दोन मिनिटांत लाटा फुटतात त्याच्या पलीकडे. आणि मग क्षितिजावर एक काळी रेघ वर आली.

पहिल्या लाटेनं बोर्ड हिसकला. दुसरीत पायाचा पट्टा तुटला, बोर्ड गेला. तिसरीखाली मी किती वेळ होतो माहीत नाही. वर आलो तेव्हा किनारा समोर दिसत होता, लोकांच्या छत्र्यांचे रंग दिसत होते. मी त्या दिशेनं जीव तोडून हात मारत होतो आणि छत्र्या लहान होत होत्या. दमलो. हात मारायचे थांबलो. तेव्हा आमची लेक पाच महिन्यांची होती.

"किनाऱ्याकडे नको! उत्तरेला! आडवा पोह!" कुणीतरी ओरडत होतं. पिकलेल्या मिशांचा एक माणूस बोर्डवर पालथा पडून माझ्याकडे येत होता. त्यानं मला बोर्डचं शेपूट धरायला लावलं आणि ओढीतून आडवं बाहेर काढलं. शंभरेक फूट बाजूला, बस्स. तिथे पाणी परत किनाऱ्याकडेच चाललं होतं. वाळूवर मला आपटून तो म्हणाला, "पुढच्या वेळी आत जायच्या आधी वीस मिनिटं नुसता बघत उभा राहा. घड्याळ लावून." आणि परत आत गेला. हा माणूस निवृत्त प्लंबर. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव प्लंबरकाका.

घरी मी ही गोष्ट कायम विनोदी करून सांगत आलो. बोर्ड पळाला, बाबा बुडता बुडता वाचला, हा हा हा. हात मारायचे थांबलो होतो, हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

खरं तर हीच इथली सर्वांत सुंदर वेळ, हा काय अन्याय आहे बघा. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण ऐन भर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. वादळ हजार-दीड हजार किलोमीटर लांब समुद्रातून चाललेलं, आणि आमच्याकडे दीड-दोन दिवसांनी त्याचं टपाल येतं. पाणी बावीस डिग्री, उन्हाळाभर तापलेलं. पर्यटक गेलेले. वारा जमिनीवरून समुद्राकडे. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, पाच मार्कांपलीकडे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला जरा धरून ठेवतो, ती उशिरा आणि सबंध फुटते, माथ्यावरून पाण्याचा फवारा मागे उडतो. खारा वारा पाठीमागून ढकलतो आणि लाटेचा चिखल करतो.

आमच्या कोकणाच्या बरोब्बर उलटं आहे हे. तिकडे जून-जुलै म्हणजे समुद्र खवळलेला, होड्या शाकारून वर ओढलेल्या. श्रावणात नारळी पौर्णिमेला नारळ दिला की समुद्र शांत होतो, कोळी मंडळी परत बाहेर पडतात. इकडे नारळी पौर्णिमेच्या सुमाराला समुद्र कुठे जागा व्हायला लागतो. माझ्या अंगात पंचांग एका समुद्राचं आणि राहायला दुसऱ्या समुद्रावर.

ऑक्टोबर अजून बरा, नोव्हेंबरात पाणी बारा-तेरावर येतं आणि मग हिवाळा. हिवाळ्यात लाटा देतात ती वादळं वेगळी, त्यांना इथे नॉर्ईस्टर म्हणतात. कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याच्या जवळून वर सरकतो, एक-दोन दिवस ईशान्येचा वारा बदडून काढतो, समुद्र म्हणजे उकळणारं पिठलं. मग ते केंद्र पुढे सरकतं, वारा फिरून वायव्येचा होतो, मतलई, आणि चार-सहा तास समुद्र असा काही नीटनेटका होतो की बस. ते चार-सहा तास बुधवारी सकाळी दहाला स्टेटस मीटिंगच्या वेळी येतात हा अनुभव. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे ऑफिसनंतर वगैरे विसरा.

फेब्रुवारीत पाणी तीन-चार डिग्री. पाच मिलिमीटर जाडीचा रबरी सूट, त्यालाच जोडलेली टोपी, सात मिलिमीटरचे मोजे नि हातमोजे. हे सगळं पार्किंगमध्ये, बर्फात उभं राहून चढवायचं. मी वर सोलापुरी चादर गुंडाळतो. एकदा एका पोलिसानं गाडी थांबवून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं होतं. पहिल्या लाटेखालून गेलं की कपाळात आइस्क्रीमची कळ, पण दहापट. मिशीवर बर्फ धरतो. बाहेर आल्यावर बोटांनी किल्ली फिरवता येत नाही, म्हणून घरून गरम पाण्याचा कॅन नेतो आणि तो मोज्यांत ओततो. ह्या सुखाचं वर्णन मी करणार नाही, काही गोष्टी खाजगी असाव्यात.

हिवाळ्यात किनाराच बदलतो. मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे दांडे घालतात. त्या दांड्यांवर लाट चांगली फुटते. उन्हाळ्यातल्या बारक्या लाटा तीच वाळू मुंगीसारखी परत वर आणून ठेवतात. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळानं तर सगळंच उचललं, बोर्डवॉक मुळापासून गेला. पुढच्या मे महिन्यात नवा उभा राहिला, हे कौतुकच. मग समुद्रातून वाळू उपसून किनाऱ्यावर ओतली. घरं वाचवायची तर हे हवंच, मान्य. पण त्यानं दांडे झाकले गेले आणि काही काळ लाट एकदम काठावर येऊन धप्पकन आपटायची. प्लंबरकाका वर्षभर शिव्या देत होते. ते वाळूचे दांडे त्यांना स्वतःच्या घरातल्या पाइपांसारखे पाठ होते.

वसंताबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. बाहेर ट्यूलिप, पाणी आठ डिग्री, धुकं. जमीन तापते, समुद्र तापत नाही, त्यामुळे रोज अकरा वाजले की खारा वारा हजर. सहाला जा, आठला परत या.

आता २०२३.

त्या वर्षी जुलैमध्ये आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तोवर तिला सगळं कळलेलं होतं, नातीनं व्हिडिओ दाखवून माझं पितळ कधीच उघडं पाडलं होतं. आई काही बोलली नव्हती. ३० ऑगस्टला नारळी पौर्णिमा आली. आई म्हणाली, "तुमच्या समुद्राला नारळ देऊन येऊ." मी बोया बघितला होता, फ्रँकलिन नावाचं चक्रीवादळ बर्म्युडाच्या बाजूनं चाललं होतं, समुद्र शांत व्हायच्या मूडमध्ये अजिबात नव्हता. पण संध्याकाळी गेलो. आईनं हळदकुंकू वाहून नारळ सोडला. लाटेनं तो आणून तिच्या पायाशी ठेवला. पुन्हा सोडला, पुन्हा आणला. लेक हसून लोटपोट. "आजी, ही इज नॉट अॅक्सेप्टिंग!" शेवटी लेकीनंच बोर्डवर पालथं पडून तो जरा आत नेऊन सोडला, आणि ती परत येईपर्यंत आई एकही अक्षर बोलली नाही. नजर तिच्यावर. समुद्राकडे पाठ करायची नाही हा आमच्या गावचा नियम, आई उलट्या पावलांनी वर आली.

दोन आठवड्यांनी ली आलं. आधी पाचव्या श्रेणीपर्यंत चढलं, मग उतरलं, आणि १६ सप्टेंबरच्या शनिवारी आमच्यापासून लांब पूर्वेकडून नोव्हा स्कॉशियाकडे चाललं होतं. आठवडाभर माझी स्क्रिप्ट मेलवर मेल पाठवत होती. मंगळवारी गणपती. शनिवारी मखर करायचं ठरलं होतं. पण पहाटे साडेपाचला मी खाली आलो तर लेक सूट घालून स्वयंपाकघरात केळं खात बसलेली. तेरा वर्षांची.

"बाबा, मतलई आहे. वायव्य. आणि काल रात्रीपासून हाइट उतरतेय. मी ग्राफ बघितला."

आई उठलेलीच होती. म्हणाली, "मीही येते."

बेलमारला पोचलो. वीस मिनिटं, घड्याळ लावून. सोळाव्या अॅव्हेन्यूच्या कठड्यापाशी प्लंबरकाका कॉफी घेऊन उभे. आता सत्तरीच्या पुढे. "आज मी प्रेक्षक," म्हणाले. सात मिनिटं काहीच नाही. लेक माझ्याकडे बघायला लागली. मग रेघ वर आली. आत वीसेक जण होते, त्यातला एक खरोखर सुरेख गेला, फवाऱ्यातून बाहेर पडला तेव्हा बोर्डवॉकवर टाळ्या पडल्या. त्याच टोळीच्या चौथ्या लाटेत एक मुलगा चालत बाहेर आला, हातात अर्धा बोर्ड. बांधाला लागून पाणी फेसाचा पट्टा घेऊन आत चाललं होतं. मी ते बघत होतो.

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, वर्षभर मी अशा एका सकाळची वाट बघतो.

"नाही," मी म्हणालो. "तू आज नाही."

"का? मी स्विमिंग टीममध्ये आहे. मला रिप कळते. तूच शिकवलंस. आणि तू गेला होतास ना अर्लच्या वेळी? मी फाइव्ह मंथ्सची होते!"

बोर्ड पळाला, हा हा हा, ही तिला पाठ होती. म्हटलं, बस खाली. आणि आईसमोर, त्या बाकावर बसून सगळी सांगितली. पट्टा तुटल्यापासून, हात थांबेपर्यंत. तू पाच महिन्यांची होतीस हे आठवून नव्हे, काहीच न आठवता थांबलो होतो, हेसुद्धा. प्लंबरकाकांना मराठी येत नाही, पण त्यांनी बांधाकडे बोट केलेलं बघितलं आणि कॉफीचा कप घेऊन जरा लांब जाऊन उभे राहिले.

लेक काही बोलली नाही. आई बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्या दिवशी मी होते तिकडे. दादानं मला विचारलं, आत्या, जाऊ का? वहिनी घरात नव्हती. मी म्हटलं जा, पण लवकर ये, भात टाकलाय."

पस्तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"त्याला पोहता येत होतं रे," आई म्हणाली. "समुद्र कसा असतो ते कुणी सांगितलं नव्हतं. मलाच कुठे माहीत होतं?"

मी गेलो नाही. घरी येऊन मखर केलं. लेकीनं थर्माकोल कापताना दोन ठिकाणी राग काढला, तिथे नंतर झेंडूची फुलं लावावी लागली.

रविवारी पहाटे बोया म्हणाला, तीन फूट, दहा सेकंद. मीच तिला उठवलं. वीस मिनिटं उभे राहिलो, ह्या वेळी घड्याळ तिच्या हातात. लाटा तिच्या छातीपर्यंत, टोळ्या नीट अंतरानं. ओढ कुठे आहे ते तिनं दाखवलं, बरोबर दाखवलं, आणि आम्ही तिथून शंभर पावलं लांब आत गेलो. मी तिच्यापासून वीस फुटांवर बसून राहिलो, एकही लाट घेतली नाही. ती घेत होती, पडत होती, वर येऊन केस मागे सारून पुन्हा वल्हवत होती. किनाऱ्यावर आई पाण्याच्या कडेला उभी, साडी वर खोचलेली, अंगात माझं जुनं जॅकेट. घोट्यांवरून पाणी जात होतं. दीड तास तशीच उभी होती.

लेक धावत तिच्याकडे गेली. "आजी, पाहिलंस?"

"पाहिलं," आई म्हणाली. "अकरा वेळा पडलीस." आणि तिच्या हातून चादर घेऊन तिचं डोकं खसाखसा पुसायला लागली.

परत येताना ओक ट्री रोडवर थांबलो. मोदकांना नारळ घ्यायचे होते.